खिडकीचं अंडं

आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. धुळ्याच्या पाचव्या गल्लीत मी धार्मिक माणूस म्हणून प्रसिद्ध होतो, कारण रोज दुपारी माझ्या खोलीतून उदबत्तीचा वास येत असे. उदबत्ती मी लावत असे ती अंड्याचा वास दबावा म्हणून. आणि ती अंडी माझी नव्हती. ती माझ्याबरोबर त्या खोलीत राहणाऱ्या शास्त्राच्या मास्तरांची होती, ज्यांनी स्वतः जन्मात अंडं तोंडात घातलं नव्हतं.

डास आणि ढेकूण सोडले, तर माणसाच्या रक्ताकडे इतक्या ओढीने पाहणारा दुसरा प्राणी साऱ्या खानदेशात झाला नसेल. मी त्यांना भाऊ म्हणायचो. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, आणि मी यावलचा म्हणून ते मला ‘यावलकर’ म्हणायचे. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. आम्ही एकाच शाळेत होतो, मी मराठी शिकवायचो आणि ते शास्त्र. माणूस भेटला की लोक त्याच्या तोंडाकडे पाहतात, भाऊ मनगटाकडे पाहायचे. हात मिळवायला पुढे आलेला हात ते सोडत नसत. तो उलटा करून, बोटाने शिरा चाचपत, “वा, काय फाटे फुटलेत!” म्हणायचे, आणि समोरचा गृहस्थ आपलं भविष्य ऐकायला मिळणार म्हणून खूश होऊन दुसराही हात पुढे करायचा. एकदा सोनगीरच्या बसमध्ये त्यांनी कंडक्टरचा हात असा धरून ठेवला की पुढची सगळी गाडी तिकिटांसाठी खोळंबली. कंडक्टरने शेवटी विचारलं, “मास्तर, शनि बिनि काही आहे का?”

हे वेड आलं होतं त्यांच्या वडिलांकडून. ते पांझरा नदीकाठच्या एका गावचे पाटकरी होते. तिकडे नदीला बंधारा घालतात, पाणी पाटाने शिवारात घेतात, आणि कोणत्या फडाला, म्हणजे शेतांच्या पट्ट्याला, कधी पाणी सोडायचं ते एकटा पाटकरी ठरवतो. शेत वाळून कोळ झालं तरी मालकाने स्वतः पाटाच्या तोंडाची फळी उचलायची नाही, अशी रीत. लहानपणी वडिलांच्या मागे बांधाबांधाने फिरताना पाटकऱ्यावाचून पाणी हलत नाही हे भाऊंच्या हाडीमाशी रुजलं होतं. पुढे कॉलेजात शरीराचं चित्र पाहिलं तेव्हा सगळे चित्र पाहत होते, आणि भाऊंना एकच प्रश्न पडला: इथला पाटकरी कोण? एवढ्या रक्तवाहिन्या, त्यांना फाटे, फाट्यांना केसाहून बारीक फाटे, हे सगळं आईच्या पोटात कोणी आखलं? जखम झाली की तिथले पाट तुटतात आणि आठ-पंधरा दिवसांत नवे फुटतात. ते कोणाच्या हुकमाने? हा प्रश्न त्यांना जेवताना, दाढी करताना, वर्गात आणि वर्गाबाहेर सारखा पडलेला असे, आणि ते तो समोर येईल त्याच्या अंगावर टाकत.

त्यांच्याबरोबर जेवायला बसणं ही सहनशक्तीची परीक्षा होती. भाताचा ढीग वाढला की त्यात ते बोटाने आधी बंधारा करायचे, मग मोठा पाट, मग पोटपाट, मग चौकोनी फड पाडायचे, आणि सगळी आखणी झाल्यावर वाढप्याला म्हणायचे, “हं, आता सोडा वरण. हळू. वरच्या अंगाने.” जळगावला एका लग्नाच्या पंगतीत वाढपी वरणाची बादली घेऊन त्यांच्यापुढे इतका वेळ उभा राहिला की पुढच्या अर्ध्या पंगतीने भात ताकाबरोबर संपवला. त्याच लग्नात त्यांनी आणखी एक पराक्रम केला. नवऱ्या मुलाचे वडील लोडाला टेकून, धोतर गुडघ्यापर्यंत घेऊन बसले होते. त्यांच्या पोटरीवर फुगलेल्या निळ्या शिरांचं जाळं होतं. ते पाहून भाऊ त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसले आणि मान खाली घालून पाहत राहिले. मुलीकडचा एवढा शिकलेला माणूस इतका नम्र, हे पाहून व्याही गहिवरले. त्यांनी भाऊंच्या डोक्यावर हात ठेवून तोंडभर आशीर्वाद दिला. भाऊ वर पाहून म्हणाले, “आबा, ह्या केव्हापासून तुंबल्यात?”

शाळेत कुणाचा गुडघा फुटला की त्याचं नशीब उघडलं. भाऊ रोज त्याला कवायतीच्या तासाला बोलावून घ्यायचे, भिंग लावून जखम पाहायचे आणि “पाट कुठवर आला बघू” म्हणत वहीत तारीख घालून चित्र काढायचे. परिणाम असा झाला की सातवीतली निम्मी मुलं कवायतीच्या आदल्या दिवशी आपण होऊन गुडघे खरवडून येऊ लागली. हेडमास्तरांनी भाऊंना बोलावून सांगितलं की शाळेत शिक्षण चालू आहे की लढाई, हे बाहेरच्या माणसाला कळेनासं झालंय. जखमांवर बंदी आली. तेव्हा भाऊ अंड्यांकडे वळले.

सोनगीरच्या बाजारातून त्यांनी एक खुडूक कोंबडी आणली. खुडूक कोंबडीला उबवण्याचं वेड लागलेलं असतं, आपल्याखाली काय आहे याची ती चौकशी करत नाही. तिला जिन्याखाली केळीच्या करंडीत कापूस घालून बसवलं. घरमालकीण अक्का विधवा, सोवळ्याची कडक. तिने तिसऱ्या दिवशीच आवाज दिला, “ओ मास्तर, तुमनी कोंबडी मन्हा तुळशीना आळामा बसनी! आता मी काय करू, तुळस धुऊ का कोंबडी?”

“अक्का, ती शाळेची कोंबडी आहे. सरकारी.”

“सरकारी व्हई तर कचेरीमा बसाडा!”

पण अक्का मनाची मऊ होती. शिवाय माझ्या उदबत्तीचा भाऊंना फायदा मिळत होता. ती गल्लीत सांगायची, “एक मास्तर बाटेल शे, पण दुसरा देवमाणूस शे. त्यान्हामुळे घर टिकी राह्यनं.” हे ऐकून भाऊ पोट धरून हसायचे. मीही हसायचो, जरा उशिराने.

भाऊंची करामत अशी होती. अंडं दोन दिवस उबवून झालं की ते कात्रीच्या टोकाने त्याला पावलीएवढी खिडकी पाडायचे, तिच्यावर अभ्रकाचा पातळ तुकडा ठेवून कडेने मेण लावायचे, आणि अंडं पुन्हा कोंबडीखाली सारायचे. मग रोज त्या खिडकीतून आत पाहायचं. खिडकी पाडल्यामुळे बरीच अंडी नासायची. पण एखादं लागायचं, आणि तेव्हा भाऊ मला ओढत नेऊन भिंग डोळ्याला लावायला लावायचे. पिवळ्या बलकावर आधी इथेतिथे तांबडे ठिपके दिसत, पावसानंतर शेतात साचलेल्या डबक्यांसारखे, एकमेकांशी काही संबंध नसलेले. पुढच्या दिवशी डबकी एकमेकांना मिळालेली असत. उबवणीच्या चौथ्या दिवशी लाल धाग्यांचं गोल जाळं, आणि मध्ये मोहरीएवढा एक ठिपका, जो धडधडत असे. उत्साह चढला की भाऊंची पुस्तकी मराठी गळून पडायची. “दख, यावलकर, दख! कोनी खंदा हाऊ पाट? ना कुदळ, ना फावडं! बठ्ठा आपोआप! सगळं आपोआप!”

मी एकदा सहज म्हणालो, “आमच्याकडे केळीला बुडातून पिलं फुटतात तसं दिसतंय. जुन्या धाग्याच्या अंगातूनच नवा कोंब निघालाय.” भाऊंनी मला मिठी मारली. हेच ते शोधत होते. त्यांचं म्हणणं तेव्हापासून पक्कं झालं. शरीरात पाटकरी नाहीच. जिथलं मांस कोरडं पडतं, तेच काहीतरी हाक मारत असलं पाहिजे. ती हाक शेजारच्या वाहिनीला पोचते, तिच्या भिंतीला कोंब फुटतो, आणि तो हाकेच्या दिशेने सरकत जातो. दोन कोंब समोरासमोर येऊन जुळले की त्यातून रक्त वाहू लागतं. ज्याची गरज उरत नाही तो पाट आपोआप बुजतो. “म्हणजे पाहा,” ते हळू आवाजात म्हणाले, “माझ्या बापाच्या गावात तहानलेल्या शेताला तोंड नव्हतं. इथे आहे.” कोंब कसा सरकतो हे पाहायला भिंग पुरत नव्हतं. त्याला सूक्ष्मदर्शक हवा होता, आणि आमच्या शाळेत तो नव्हता.

त्या हिवाळ्यात शाळा तपासायला इन्स्पेक्टरसाहेब येणार होते. हेडमास्तरांनी भाऊंना स्पष्ट सांगितलं, “साहेबांना तुमचं ते जाळं दाखवा. त्यांना पटलं तर सूक्ष्मदर्शकाची शिफारस होईल. नाही पटलं तर कोंबडी बंद, शास्त्राचे तास बंद. आपल्या शिंदखेड्याच्या शाळेत खालच्या वर्गांना भूगोल शिकवायला माणूस हवाच आहे.” भाऊ हसले. त्यांना हरण्याची शंकाच नव्हती. तपासणी शुक्रवारी सकाळी होती. सोमवारी सकाळी त्यांनी तीन ताजी अंडी निवडली, त्यांवर लाल पेन्सिलीने गोल खुणा केल्या आणि ती कोंबडीखाली ठेवली. एक साहेबांसाठी, एक ते फुटलं तर, आणि तिसरं साहेबांनी ‘पुन्हा एकदा’ म्हटलं तर. त्यानंतर चार दिवस करंडीला कुणी हात लावायचा नाही, असा त्यांनी नियम केला, कारण ऐन वेळी हिसका बसला तर जाळं तुटतं. ते स्वतः करंडीजवळून अनवाणी जाऊ लागले.

आता माझं. त्याआधीच्या पावसाळ्यात यावलला असताना मला विषमज्वर झाला होता. डॉक्टर म्हणाले, “अंगात काही उरलेलं नाही, रोज दोन अंडी खा.” वडील शेजारीच बसलेले होते. आमच्या घरात माळ. मी बाणेदारपणे म्हणालो, “डॉक्टर, जीव गेला तरी चालेल.” वडिलांचे डोळे भरून आले. आणि धुळ्याला परत आल्यावर आठव्या दिवशी, भाऊंचे तास चालू असताना, प्रयोगाची अंडी ते कोंड्याच्या डब्यात ठेवत, त्यातलं मी एक अंडं स्टोव्हवर तळून खाल्लं. ते मला इतकं आवडलं की मला स्वतःची भीती वाटली. बाजारातून अंडी विकत घेण्याची हिंमत नव्हती. कुणी पाहिलं तर यावलला पोचायला एक बस पुरे. चोरणं सोपं होतं. डब्यातली अंडी कमी झाली की भाऊ स्वतःच्याच मोजण्याला दोष द्यायचे.

त्या सोमवारी दुपारी डबा रिकामा होता. कोंबडीखाली तीन होती. ती कशासाठी आहेत हे मला ठाऊक होतं. कोंबडीने हाताला दोन चोची मारल्या, तरी दोन अंडी मी सोमवारीच खाल्ली, आणि तिसरं मंगळवारी. कोंबडी उठून ओरडू नये म्हणून तिच्याखाली मी अक्काच्या टोपलीतले तीन पांढरे कांदे ठेवले. ती त्यांच्यावर पूर्ण निष्ठेने बसली. गुरुवारी दुपारी डोक्याला उपरणं गुंडाळून मी आग्रा रोडच्या पार पलीकडच्या बाजारात गेलो, तीन अंडी आणली, लाल पेन्सिलीने हुबेहूब खुणा केल्या आणि कांदे काढून ती ठेवली. एका कांद्याला कोंब फुटला होता. त्या आठवड्यात त्या कोंबडीखाली फुटलेलं तेवढंच.

अंड्याच्या जागी अंडं ठेवलं, मला शास्त्रातलं काय कळतं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. दोन दिवस, चार दिवस, ठिपके, जाळं, हे सगळं मी भाऊंच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं होतं. काल ठेवलेल्या अंड्यात आज काही दिसणार नाही हे मला कळत होतं. सांगायला गुरुवारची पूर्ण संध्याकाळ होती. भाऊ समोर बसून साहेबांपुढच्या भाषणाची तालीम करत होते. मी त्यांच्या दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि झोपलो.

शुक्रवारी भाऊंनी धुतलेला कोट घातला होता. साहेब, हेडमास्तर, आठवीचा वर्ग, आणि कोपऱ्यात मी. भाऊंनी फळ्यावर पांझरा काढली, बंधारा काढला, पाटकरी काढला, मग पाटकऱ्यावर फुली मारली आणि म्हणाले, “साहेब, आता आपण असा मुलूख पाहणार आहोत, जिथे पाणी स्वतःच तहानेकडे जातं.” साहेब पुढे वाकले. त्यांना खरोखर गोडी लागली होती, हे मी पाहिलं. भाऊंनी कात्रीने खिडकी पाडली. आत पिवळा बलक, शांत, स्वच्छ. त्यांनी भिंग लावलं. पुसून पुन्हा लावलं. दुसरं अंडं फोडलं. मग तिसरं.

साहेब म्हणाले, “मास्तर, पाट कुठाय? मला तर यात फक्त आम्लेट दिसतंय.”

वर्ग हसला. हेडमास्तर हसले. भाऊ तिसऱ्या अंड्यावरची लाल खूण अंगठ्याने चाचपत उभे राहिले, आणि मला वाटलं, कळलं. पण ते साहेबांकडे वळून म्हणाले, “कोंबडीचं काही चुकलं नाही साहेब. माझंच कुठेतरी चुकलंय.”

घरी अक्काने मात्र बरोबर ओळखलं. “मास्तर, कोनी तरी अंडा बदली टाकात,” ती भाऊंना माझ्यासमोर म्हणाली, “मन्हा टोपलीमातला तीन कांदा बी दोन दिवस गायब होतात.”

भाऊंनी तिला गप्प केलं. “अक्का, ह्या खोलीत दोनच माणसं. एक मी. आणि ह्याच्या घरात माळ शे.”

मी उदबत्ती लावायला उठलो.

महिन्याभरात भाऊ शिंदखेड्याला गेले. कोंबडी त्यांनी अक्काला दिली, आणि आश्चर्य म्हणजे अक्काने ती ठेवून घेतली. मी पुढे जळगावच्या शाळेत लागलो. तीनेक वर्षांनी सुट्टीत यावलला केळीच्या बागेत बुडाची पिलं काढताना कोयता सटकला आणि माझी नडगी हाडापर्यंत उघडी पडली. जळगावला खाटेवर पडून होतो. कुणाकडून तरी भाऊंना कळलं. पॅसेंजर गाडीने ते आले, आणि ‘कसा आहेस’ वगैरे काही न विचारता त्यांनी थेट पायाची पट्टी सोडली, खिशातून भिंग काढलं आणि जखमेवर वाकले. जखमेत लाल दाणे भरले होते, डाळिंबासारखे. भिंग ते एका दाण्यावरून दुसऱ्या दाण्यावर सरकवत गेले. मग त्यांचा आवाज फुटला.

“यावलकर! पाट फुटनात रे! दाणा नाही हा, प्रत्येक दाण्यात नव्या वाहिन्यांचं वेटोळं आहे. तुझ्या मांसानं हाक मारली. दख, बठ्ठा येल शेत, सगळे आलेत!” त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या पायावर पडलं, आणि त्यांनी ते घाईघाईने स्वतःच्या रुमालाने टिपलं. “अंड्यात नाही दिसलं ते तू दाखवलंस.”

मग त्यांनी दाराकडे पाहिलं, पिशवीतून फडक्यात बांधलेली चार उकडलेली अंडी काढली आणि कानाशी येऊन म्हणाले, “जखम भरायला हे लागतं. औषध म्हणून खा. माळेचं पाप मन्हा माथे.” मी नको नको म्हणालो. ते ऐकेनात. शेवटी त्यांनी मला अंडं कसं सोलायचं ते शिकवलं. टोक कुठे आपटायचं, पापुद्रा कसा धरायचा, सगळं. मी पहिल्यांदाच खातोय असं तोंड करून ती चारही अंडी खाल्ली. ते माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होते, “जमेल, जमेल. गिळून टाक.”

जाताना त्यांनी आपली जुनी वही माझ्याजवळ ठेवली. जखम रोज बदलते, तारीख घालून चित्र काढत जा, बरा झालास की वही परत दे, असं बजावून गेले. मी तीन आठवडे रोज चित्र काढलं. हात वाईट होता, पण एकही दिवस चुकवला नाही. दाणे सपाट झाले, लाली उतरली, कातडी कडेकडेने आत सरकली. शेवटच्या चित्रात नुसता एक पांढरा व्रण आहे. माझ्या चित्रांच्या आधीचं पान मात्र मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. त्यावर त्या शुक्रवारची तारीख आहे आणि भाऊंच्या गोल अक्षरात दोन ओळी आहेत: ‘तिन्ही अंड्यांत काहीही आढळले नाही. चूक माझी.’

त्या पानामुळे वही परत द्यायला मी गेलो नाही. आता माझे केस पिकले आहेत. भाऊ शिंदखेड्यालाच असतात, निवृत्त आहेत, डोळ्यांनी कमी दिसतं. भेटायला गेलेला माणूस सांगतो की अजूनही आधी मनगट धरतात, फक्त आता बोटांनीच पाहतात.

त्या दिवशी चूक त्यांची नव्हती. त्यांनी ठेवलेल्या तिन्ही अंड्यांत जाळं धरणार होतं. तीन अंडी, एक वही आणि समोर बसून बोलायचं हे एक वाक्य, एवढं मी त्यांना देणं लागतो.